फाशांचे गणित आणि बळाचा आनंद

सोंगट्यांच्या खेळाप्रमाणे ज्यात दान पडते, परंतु पटावाचूनही ज्याचे चालते, असा एक खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. पवनाकाठच्या पिंपळे गुरवात एखाद्या घरी पाच मित्र तो मांडून बसले आहेत, अशी कल्पना करावी. एकजण सूत्रधार होऊन कथानक चालवितो. बाकीचे योद्धा, मांत्रिक अशी सोंगे घेतात. त्यांतील एकाचे लक्ष सोंगापेक्षा सामर्थ्याकडेच अधिक. अशा खेळाडूस ‘पॉवरगेमर’ म्हणतात. त्याला सुख कशात वाटते?

योद्ध्याने मोठा परशू घ्यावा की मोठी तलवार? २०१४ च्या नियमांप्रमाणे परशूच्या घावाला बारा बाजूंचा एक फासा, तर तलवारीच्या घावाला सहा बाजूंचे दोन. दोहोंचे मोठ्यात मोठे दान १२ च. परंतु परशूची सरासरी साडेसहा, तलवारीची सात. शिवाय तलवारीचे दान दोनाखाली उतरत नाही. हा अर्धा गुण ज्याने हेरला, त्याला कठीण उदाहरण सुटल्याचे समाधान लाभते. असे लहान लहान लाभ जोडीत तो आपले पात्र घडवितो. पुढे ऐन लढाईत हिशेब खरा ठरला, म्हणजे दैवाचा फासाही विवेकाला थोडा वश झाला, असे त्यास वाटते.

मात्र शत्रू एकाच्याच घावांनी पडू लागला, की उरलेल्या तिघांस काम राहत नाही. सूत्रधाराने शत्रूचे बळ वाढवावे, तर ते त्या तिघांनाच जड जाते. या खेळात सोबत्यांना जिंकावयाचे नसते. म्हणून जाणता खेळाडू आपले गणित मित्रांच्या रक्षणाकडेही लावतो. बळ एकट्याने कमवावे. त्याचा आनंद मात्र पंगतीतच गोड लागतो.