भोंग्याचा पडदा

भोंगा खरखरतो, बोलणे तुटक येते, नाहीतर भोंगा पार मुका होतो. मशीनचा दिवा जळत असतो. माईकवाला घसा ताणून ओरडत असतो. पण देवळावरून शब्द काही समजत नाही. मग कोणी म्हणतो, "युनिट जळालं. नवं आणा."

युनिट म्हणजे भोंग्याच्या मागे आटे देऊन बसवलेला तो जड, गोल डबा. तो सगळाच जळाला, असे क्वचित होते. बहुतेक वेळा त्यातला एक पातळ पडदा तेवढा गेलेला असतो. पडदा वेगळा मिळतो. त्याला नव्या युनिटपेक्षा पुष्कळ कमी पैसे पडतात. तो कसा ओळखावा आणि कसा बदलावा, ते आम्ही इथे सांगतो.

आपल्या कौंडण्यपुरात भोंग्याला काम थोडे नाही. हे रुक्मिणीचे माहेर. कार्तिकात यात्रा भरते. गर्दीत पोर हरवले, तर त्याच्या आईला हाक भोंग्यावरूनच जाते. आषाढीसाठी रुक्मिणीमातेची पालखी इथून पायी पंढरपूरला निघते, तेव्हाही भोंगा लागतो. आणि पावसाळ्यात तर जिवाशी गाठ असते. वर मोर्शीकडे सिंभोऱ्याजवळ ऊर्ध्व वर्धा धरण आहे. त्याची दारे उघडली, की पाणी आपल्याच काठाने येते. त्या वेळी काठच्या लोकांना सांगितलेले नीट समजले पाहिजे. "पाणी" एवढाच शब्द कळला आणि "किती वाजता" हे खरखरीत गेले, तर गोठ्यातली जनावरे कोण, कधी सोडणार?

आता आत काय असते ते पाहा. खंजिरी सर्वांनी पाहिली आहे. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या हातातली खंजिरी वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही? खंजिरीवर बोट पडले, की चामडे थरथरते. चामडे हवेला हलवते, आणि ती हललेली हवा आपल्या कानाशी येते. युनिटमधला पडदा हेच काम करतो. फरक एवढाच, की इथे बोटाच्या जागी वीज आहे. पडद्याच्या कडेला बारीक तारेची एक गोल गुंडाळी चिकटवलेली असते. ही गुंडाळी चुंबकाच्या अरुंद फटीत उभी राहते. माईकमध्ये बोललेले मशीनमधून विजेच्या रूपाने गुंडाळीत येते. वीज आली की चुंबक गुंडाळीला पुढे ढकलतो, मागे ओढतो. गुंडाळीबरोबर पडदा हलतो. तो हलतो फार थोडा. पण पुढे भोंग्याची निमुळती वाट असते. तिच्यातून तोच आवाज मोठा होऊन बाहेर पडतो.

ही युक्ती शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात असा भोंगा लावून हजारो लोकांना आवाज ऐकवला. १९२६ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे ५५५ नंबरचे युनिट निघाले. त्याचा पडदा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. बोलपटाचा आवाज थिएटरभर पोचवला तो अशा युनिटांनी. आपल्याकडे पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. स्वातंत्र्याच्या चळवळीत मुंबईच्या शिकागो रेडिओ या कंपनीचे भोंगे काँग्रेसच्या मोठ्या सभांना असत. गांधीजींचा आवाज मुळात बारीक. लाखाच्या सभेत तो मागच्या माणसापर्यंत गेला, त्यात अशा एखाद्या पातळ पडद्याचाही वाटा होता. असो. आपण आपल्या भोंग्याकडे वळू.

आधी खात्री करा, की बिघाड पडद्याचाच आहे. मशीन बंद करा. प्लग काढून ठेवा. नुसते बटण दाबून भागत नाही, कारण भोंग्याच्या तारेतही झटका देण्याइतकी वीज असू शकते. मग युनिटच्या दोन्ही तारा सोडवा. काही भोंग्यांच्या मागे एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो. तो असेल तर त्याच्याही तारा वेगळ्या करा, नाहीतर तपासणी खोटी ठरते. आता बॅटरीतला एक साधा सेल घ्या आणि त्याच्या दोन टोकांना युनिटच्या दोन तारा क्षणभर टेकवा. "टक" असा स्वच्छ आवाज आला, तर गुंडाळी शाबूत आहे. आवाज आलाच नाही, तर तार तुटली किंवा जळाली. "टक"च्या जागी "खस्" आले, तर गुंडाळी कुठेतरी घासते आहे, किंवा पडद्याला चीर गेली आहे. तार चांगली निघाली, तर मशीनपासून भोंग्यापर्यंतची वायर तपासा. पुष्कळदा उंदराने कुरतडलेली वायर असते आणि दोष बिचाऱ्या युनिटवर जातो.

मीटर असेल तर अधिक चांगले. युनिटवर १६ ओहम लिहिले असेल, तर मीटर साधारण ११ ते १३ दाखवतो. ८ ओहमचे असेल तर ६ च्या आसपास. आकडा लिहिल्यापेक्षा कमी दिसला म्हणून घाबरू नये. मीटर नुसत्या तारेचा अडथळा मोजतो, म्हणून तसेच दिसते. पण मीटरचा काटा हललाच नाही, तर तार तुटलेली समजा.

आता पडदा ओळखणे. यातच लोक फसतात. दुकानात जाऊन "भोंग्याचा पडदा द्या" म्हणणे म्हणजे "मोटारीचे चाक द्या" म्हणण्यासारखे आहे. कोणत्या मोटारीचे? युनिटच्या पाठीवर पत्र्याची चकती किंवा छाप असतो. त्यावरचे कंपनीचे नाव, नंबर, वॅट आणि ओहम कागदावर उतरवून घ्या. आता तुम्हांला वाचता-लिहिता येते. दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही. चकती गंजून गेली असेल, तर जुना पडदा काढून तोच सोबत न्या. न्यायच्या आधी पट्टीने मापे घ्या : गुंडाळीचा आडवा व्यास, तिची उंची, बाहेरच्या कड्याचा व्यास, स्क्रूची भोके किती आणि एकमेकांपासून किती दूर. पडद्याचा फुगवटा वर आहे की खाली, तेही पाहा. मापात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी चालत नाही. फटीत गुंडाळीच्या दोन्ही अंगांना जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीएवढी जागा असते.

पडदा कशाचा आहे, हेही बघा. धातूचा पडदा चकाकतो, आणि तो उंच सूर स्वच्छ देतो. दुसरा तपकिरी असतो. तो कापडावर बेकेलाइटची राळ चढवून केलेला असतो, आणि मार जास्त सोसतो. गावच्या भोंग्यात बोलण्याचे काम अधिक. आमच्या मते तिथे तपकिरी बरा. पण मूळचा ज्या जातीचा असेल, त्याच जातीचा घ्यावा हे उत्तम. ओहम मात्र बदलू नका. सोळाच्या जागी आठ बसवला, तर मशीनवर भार वाढतो, आणि पडद्याच्या पायी मशीन जळते.

बदलायला बसताना जागा स्वच्छ असावी. लोहाराच्या दुकानात हे काम करू नये. लोखंडाचा कीस चुंबकाकडे धावतो, आणि एकदा फटीत शिरला की सहज निघत नाही. कोरा कागद अंथरा. झाकण आणि कडे यांवर पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढा, म्हणजे परत बसवताना तोंड चुकणार नाही. स्क्रू समोरासमोरचे असे थोडेथोडे सैल करा. पडदा सरळ वर उचला. खाली कागदाच्या किंवा रबराच्या चकत्या असतील, तर त्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने मांडून ठेवा. पेचकस घट्ट धरा. चुंबक तो हिसकून घेतो आणि नवा पडदा फोडतो. चुंबक मात्र खोलू नका. जुन्या युनिटांत अल्निको जातीचा चुंबक असतो. तो त्याच्या लोखंडी घरातून बाहेर काढला, की त्याचा जोर कमी होतो, आणि मग नवा पडदा घालूनही आवाज मरगळलेलाच येतो.

फट साफ करायला जाड कागदाच्या पट्टीवर चिकटपट्टी उलटी गुंडाळा आणि ती फटीतून फिरवा. कीस तिला चिकटून येईल. तीन-चार वेळा करा. मग नवा पडदा हलक्या हाताने ठेवा. काही युनिटांत खुंट्या असतात, त्यांत पडदा आपोआप बरोबर बसतो. खुंट्या नसतील, तर स्क्रू अर्धवट आवळून मशीन अगदी बारीक आवाजात चालू करा, एखादा जाड सूर लावा, आणि पडदा केसभर इकडे-तिकडे सरकवत ऐका. घासण्याचा आवाज थांबला, की तीच त्याची जागा. मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळा.

युनिट भोंग्याला लावल्याशिवाय मोठा आवाज करून पाहू नये. पुढे भोंग्यातल्या हवेचा भार नसला, की पडदा वाजवीपेक्षा जास्त उडतो आणि फुटतो. दोन भोंगे एकाच दिशेला असतील, तर दोन्ही वाजवून समोर उभे राहा. मग एकाच्या तारा अदलाबदल करून पुन्हा ऐका. ज्या जोडणीत आवाज भरीव येतो, ती बरोबर.

पडदा पुन्हा जाऊ नये म्हणून मशीनवरचे बासचे बटण कमी ठेवा. धमधम हे भोंग्याचे काम नव्हे. मशीनचे वॅट युनिटला झेपतील एवढेच असावेत. आवाज फाटेपर्यंत बटण पिळणारे पडदाही फाडतात आणि शेजाऱ्याचे कानही. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंदच ठेवायचा असतो. सार्वजनिक संकटाची वेळ आणि सरकारने सवलत दिलेले थोडे दिवस वेगळे.

भोंग्याचे तोंड थोडे खाली झुकलेले असावे, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही. उन्हाळ्यात भोंगा बरेच दिवस बंद राहिला, की कुंभारीण त्यात मातीचे घर करते आणि आवाज कोंडतो. ते घर काडीने आत ढकलू नये. युनिट काढून बाजूला ठेवावे, भोंगा तेवढा पाण्याने धुवावा, पुरता वाळू द्यावा, आणि मगच युनिट परत लावावे. हे पहिल्या पावसाच्या आधी उरकून घ्या. जुना, गेलेला पडदाही फेकू नका. एका डब्यात घालून त्यावर युनिटचा नंबर लिहून ठेवा. पुढच्या वेळी माप घ्यायला तोच कामी येतो.