धाप, कबुतरं आणि फुप्फुसातल्या पेशी

मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये वाद पेटला आणि ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ हे अवघड नाव घराघरांत पोचलं. सोबत एक गैरसमजही पोचला: प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनाच हा आजार होतो, तेव्हा काढे घ्या, ‘इम्युनिटी’ वाढवा.

इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायम मुक्कामाला असतात. श्वासातून आलेली धूळ, जंतू त्या गिळून टाकतात. कबुतरांच्या पिसांवरच्या भुकटीतली आणि वाळलेल्या विष्ठेतली प्रथिनं बहुतेकांच्या फुप्फुसात अशीच निकालात निघतात. काहींच्या शरीरात मात्र टी-पेशी या निरुपद्रवी प्रथिनांनाच शत्रू ठरवतात. मग ती भुकटी श्वासातून आत जात राहते तोवर पांढऱ्या पेशींची कुमक येत राहते. ज्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात उतरतो, तिथेच ती गोळा होते. भिंती जाड होतात आणि जिना चढताना धाप लागू लागते.

ही गर्दी मोजता येते. ब्रॉन्कोस्कोपी करताना फुप्फुसाच्या एका भागात सलाइन सोडतात, परत ओढून घेतात आणि त्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसात ८५ टक्क्यांच्या आसपास मॅक्रोफेज आणि १० ते १५ टक्के लिम्फोसाइट (टी-पेशी याच कुळातल्या) दिसतात. या आजारात लिम्फोसाइट कधी कधी निम्म्याहूनही जास्त असतात. अर्थात एवढ्यावर निदान होत नाही. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, लागतो, आणि रुग्णाच्या घराची बारकाईने चौकशीही.

‘म्हणजे दमाच की, पंप घेतला की झालं,’ असंही लोक म्हणतात. दम्याचा मुख्य बिघाड श्वासनलिकांत असतो आणि ॲलर्जीच्या दम्यात आयजीई प्रतिपिंडं व इओसिनोफिल पेशी पुढे असतात. इथे बिघाड मुख्यतः वायुकोशांत आणि बारीक श्वासनलिकांत असतो, तोही टी-पेशी आणि आयजीजी प्रतिपिंडांमुळे. पंपाने मूळ दुखणं हटत नाही.

सगळा दोष कबुतरांच्या माथी मारणंही बरोबर नाही. फुप्फुसांत सर्वदूर पसरणाऱ्या अशा आजारांची, म्हणजे आयएलडीची, भारतातल्या २७ केंद्रांवर नोंद झाली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हाच आजार होता, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता. ओलं राहणारं कूलरमधलं गवत बुरशीला फार मानवतं. विदर्भात उन्हाळाभर कूलर चालतात, तिथे हे गांभीर्याने घ्यायला हवं.

सर्वांत घातक समज स्टेरॉइडबद्दलचा आहे. पेशी चवताळल्या असतील तर स्टेरॉइड त्यांना शांत करतं, हे खरं. पण आयएलडीतल्या प्रत्येक आजाराचं तसं नसतं. इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिसमध्ये वायुकोशांचं अस्तर पुन्हा पुन्हा दुखावतं, रक्तातून आलेले मॅक्रोफेज फायब्रोब्लास्ट पेशींना चिथावतात आणि त्या कोलॅजन साठवत राहतात. जखमेवर वण राहावा तसं फुप्फुस कडक होतं. स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन ही तिहेरी औषधं या रुग्णांना वर्षानुवर्षं दिली जात होती. अमेरिकेतल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले: औषधं घेणाऱ्या गटात ८ मृत्यू, निव्वळ साखरगोळी घेणाऱ्या गटात १. चाचणीचा हा भाग मध्येच थांबवावा लागला. आता या आजारात पिरफेनिडोन किंवा निन्टेडॅनिब देतात. ती वण पडण्याचा वेग कमी करतात, पडलेला वण पुसत नाहीत.

कबुतरांमुळे किंवा कूलरमुळे झालेला आजार लवकर ओळखला, तर संपर्क तोडल्यावर फुप्फुस बरंच सावरू शकतं. मात्र पक्षी गेले तरी त्यांची प्रथिनं घरात कित्येक महिने टिकतात. म्हणून गॅलरी, खिडकीची जाळी आणि एसीचा बाहेरचा भाग ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, आणि हे काम रुग्णाने स्वतः करू नये.