क्राउडिंग आउट परिणाम

सरकारने मोठ्या प्रमाणावर कर्ज घेतल्यामुळे व्याजदर वाढून खाजगी क्षेत्राची गुंतवणूक घटते, तेव्हा त्यास अर्थशास्त्रात क्राउडिंग आउट परिणाम असे म्हणतात. त्याची तीव्रता देशातील बचत, कर्जाची मागणी आणि मध्यवर्ती बँकेचे धोरण यांवर अवलंबून असते.

स्वरूप

सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा अधिक झाल्यास निर्माण होणारी राजकोषीय तूट प्रामुख्याने कर्जरोखे विकून भरून काढली जाते. बँका, विमा कंपन्या व भविष्य निर्वाह निधी हे या रोख्यांचे मोठे खरेदीदार होत. त्यांच्याकडील पैसा उद्योगांनाही कर्जाऊ मिळू शकतो. बचत मर्यादित असताना रोख्यांचा पुरवठा वाढला, तर त्यांची किंमत उतरते आणि परताव्याचा दर चढतो. उदाहरणार्थ, वर्षाला ७ रुपये व्याज देणारा १०० रुपयांचा रोखा ९५ रुपयांना विकला गेल्यास खरेदीदारास सुमारे ७.४ टक्के चालू परतावा मिळतो. सरकारी रोखे सर्वाधिक सुरक्षित मानले जात असल्याने खाजगी उद्योगांना त्याहून चढ्या दराने कर्ज घ्यावे लागते. परिणामी १० टक्के नफा अपेक्षित असलेला प्रकल्प ९ टक्के व्याजाने परवडतो. व्याज ११ टक्के झाल्यास तो रद्द होतो.

भारतातील अनुभव

भारतात १९९१ पूर्वी बहुतांश व्याजदर शासकीय नियंत्रणाखाली होते. त्यामुळे हा परिणाम व्याजदरापेक्षा सक्तीच्या राखीव प्रमाणांतून अधिक घडे. १९९०च्या दशकाच्या आरंभी वैधानिक रोखता प्रमाण ३८.५ टक्के, तर रोख राखीव प्रमाण १५ टक्के होते. म्हणजेच १०० रुपयांच्या ठेवींपैकी निम्म्याहून अधिक रक्कम सरकारी रोखे व राखीव निधीत अडकत असे आणि उद्योग, शेती व व्यापार यांच्यासाठी उरलेला भागच उपलब्ध होई. नरसिंहम समितीने १९९१ मध्ये वैधानिक रोखता प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत उतरविण्याची शिफारस केली. एप्रिल २०२० मध्ये ते १८ टक्के झाले. तुटीवर मर्यादा घालण्यासाठी २००३ मध्ये वित्तीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्पीय व्यवस्थापन कायदा संमत झाला.

मर्यादा

मंदीच्या काळात उद्योगांकडून कर्जाची मागणी कमी असते व बचत पडून राहते. अशा वेळी सरकारी कर्जामुळे व्याजदर फारसे वाढत नाहीत, असे केन्सवादी अर्थतज्ज्ञ मानतात. कोविड-१९ साथीच्या काळात, २०२०-२१ मध्ये, केंद्राची राजकोषीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९ टक्क्यांहून अधिक झाली. तरीही १० वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांचा परतावा ६ टक्क्यांच्या आसपास राहिला. कर्जाची मागणी मंदावलेली असणे, रेपो दर ४ टक्क्यांवर आलेला असणे आणि रिझर्व्ह बँकेने बाजारातून रोखे खरेदी करणे ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

कर्जाचा विनियोगही महत्त्वाचा ठरतो. रस्ते, बंदरे व वीजनिर्मिती यांवरील सरकारी खर्चामुळे उद्योगांचा उत्पादनखर्च घटून खाजगी गुंतवणुकीस उलट चालना मिळू शकते. यास क्राउडिंग इन परिणाम म्हणतात.