"लक्ष कुठं होतं तुझं?"

वर लिहिलेला प्रश्न आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकला आहे, आणि मुलांना विचारलाही आहे. फैजपूर-सावदा रस्त्यावर दोघी बरोबर निघालेल्या असतात. समोरून केळीचा ट्रक येतो. एक चटकन मागे सरते, दुसरीला क्षणभर उशीर होतो. दोघींची नजर चांगली आहे. उद्या कदाचित उलटंही होईल. मग चूक कोणाची? आज आपण तेच समजून घेऊ.

आपला डोळा एका वस्तूवरून दुसरीवर सरकत जात नाही, उडी मारून जातो. जागेपणी सेकंदाला साधारण तीन उड्या. खरं वाटत नसेल तर आरशासमोर बसा. स्वतःच्या उजव्या डोळ्याकडे बघा, मग डाव्याकडे. आपले डोळे हललेले आपल्याला दिसत नाहीत, पण शेजारी बसलेल्या मैत्रिणीला दिसतात. उडी चालू असताना जे अंधुक दिसतं, ते मेंदू आपल्याला जाणवू देत नाही.

प्रत्येक डोळा फिरवायला सहा स्नायू आहेत, पण त्यांना हुकूम देतो मेंदू. बाजूला अचानक काही दिसलं, तर नजर तिकडे वळायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मात्र हा वेळ ठरलेला नसतो. तीच बाई, तोच उजेड, तीच वस्तू, तरी कधी नजर लवकर वळते, कधी उशिरा.

असं का, हे चुलीवरच्या दुधावरून कळेल. पातेल्याचा काठ तोच असतो. दूध काठाला पोचलं की उतू जातं. पण कधी ते भरकन वर येतं, कधी हळूहळू. १९९६ साली हेन्स आणि शाल या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूत असंच काहीसं मोजलं. डोळे वळवणाऱ्या पेशींचं काम वाढत वाढत एका ठरावीक पातळीला पोचलं, की डोळा उडी घेत होता. ती पातळी दर वेळी जवळपास सारखीच होती. तिथवर चढण्याचा वेग मात्र दर वेळी वेगळा. उशीर होत होता तो तिथे.

म्हणजे मेंदू यंत्रासारखा एका चालीनं चालत नाही. त्याच्या पेशी सतत कमी-जास्त काम करत असतात, आपण शांत बसलो तरी. हा दोष नव्हे, जिवंत मेंदूचा स्वभाव आहे.

गटाच्या बैठकीत करून बघा. पोरांच्या दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. एकीनं ती वरून उभी धरायची. दुसरीनं खाली शून्याच्या खुणेपाशी दोन बोटं उघडी ठेवायची. न सांगता पट्टी सोडायची आणि दुसरीनं ती पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली तर साधारण ०.२ सेकंद लागले. दहा वेळा करा आणि आकडे लिहा. यात डोळा, मेंदू आणि हात तिघांचाही वेळ येतो. दहाही आकडे सारखे आले, असं क्वचितच होईल.

आता हाच हिशेब रस्त्यावर लावू. ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे येते. पाव सेकंद उशीर झाला तर चार मीटर, म्हणजे आपली पाच-सहा पावलं. झोप अपुरी असेल तर असे उशिराचे क्षण वाढतात. आणि पहाटे पाचला उठून रात्री अकराला आडवी होणारी घरात कोण असते, हे सांगायला नको. वय वाढतं तसाही उशीर वाढतो. लहान मुलांचाही वेग बेभरवशाचा असतो.

म्हणून भरवसा आपल्या चपळाईवर नको, अंतरावर ठेवायचा. रस्ता ओलांडण्याआधी थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, फोन पिशवीत ठेवायचा. कडबा कुट्टीच्या यंत्रावर किंवा कोयता हाती घेऊन डुलकी येत असेल, तर काम थोडं थांबवायचं. सासूबाईंचा आणि पोरांचा हात धरूनच रस्ता ओलांडायचा.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. अचानक एकाचे दोन दिसू लागले, डोळा एका बाजूला वळेना, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळू लागलं, तर तो नेहमीचा कमी-जास्तपणा नाही. तो पक्षाघात असू शकतो. झोपून बरं वाटेल म्हणून थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा.

आणि पुढच्या वेळी कुणाला क्षणभर उशीर झाला, तर "लक्ष कुठं होतं?" म्हणण्याआधी एवढंच विचारू या, "काल झोप झाली का गं?"