उसवण्यासाठीच घातलेली शिवण

इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या डोलोमाइट रांगेत, कोर्तिना दाम्पेझ्झो नावाचं गाव आहे. गावाजवळच तोफाना दि रोझेस हे ३,२२५ मीटर उंचीचं शिखर उभं आहे. त्यावर जायला सोपी पायवाट आहे आणि एक अवघड वाटही आहे. ही अवघड वाट म्हणजे लिपेल्ला. आपण तिनेच वर जाऊ!

अशा वाटेला व्हिया फेराता म्हणतात. कड्यावर पोलादी दोर ताणून बसवलेला असतो आणि दर काही मीटरवर तो खडकात ठोकलेल्या खुंटीला पक्का केलेला असतो. आपल्या कमरेच्या हार्नेसला दोन पट्टे, प्रत्येकाच्या टोकाला एक कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी. दोन्ही त्या दोरात अडकवायचे. खुंटी आली की आधी एक काढून पलीकडे लावायचा, मगच दुसरा. एक तरी कॅराबिनर कायम दोरातच हवा, मग हात कितीही भरून आलेले असोत.

लिपेल्लाची सुरुवात कड्यावर होत नाही, डोंगराच्या पोटात होते. पहिल्या महायुद्धात इथल्या कास्तेलेत्तो नावाच्या सुळक्यावर ऑस्ट्रियाचे सैनिक ठाण मांडून बसले होते. बाहेरून ते काही हटेनात, म्हणून इटालियन सैनिकांनी आतून बोगदा खणला आणि ११ जुलै १९१६ रोजी ३५ टन स्फोटकांनी त्या सुळक्याचा एक भाग उडवला. माणसं मारण्यासाठी एवढे कष्ट उपसले गेले, याचं फार वाईट वाटतं. आज त्याच काळोख्या, ओलसर बोगद्यातून हेल्मेटवरच्या दिव्याच्या उजेडात गिर्यारोहक चढत जातात.

बोगद्यातून बाहेर आलं की समोर थरांचा डोंगर. उभा कडा, मग आडवा कट्टा, पुन्हा कडा, पुन्हा कट्टा. हे थर समुद्राचे आहेत! सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ साठत गेला, त्याचा दगड झाला आणि पुढे आफ्रिकेकडचा भूभाग युरोपवर रेटला गेला, तेव्हा तो तळ आभाळाकडे उचलला गेला. या खडकात मेगॅलोडॉन नावाच्या जाड शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. शिंपला आडवा कापला गेला असेल, तर खडकावर त्याचा बदामासारखा आकार उमटलेला दिसतो.

आता हार्नेसच्या त्या दोन पट्ट्यांकडे वळू. मला या सगळ्यात सर्वांत जास्त अप्रूप त्यांचंच आहे.

समजा, पाय सटकला. कॅराबिनर पोलादी दोरावरून घसरत खालच्या खुंटीवर येऊन आदळणार. तोवर माणूस चार-पाच मीटर खाली आलेला असतो. पाच मीटर पडल्यावर वेग होतो ताशी सुमारे ३५ किलोमीटर! प्रस्तरारोहणाचा नेहमीचा रोप ताणला जातो आणि धक्का सोसतो. इथे मात्र पोलाद ताणलं जात नाही आणि पट्टा जेमतेम मीटरभराचा. दहा सेंटिमीटरमध्ये थांबावं लागलं, तर शरीराला आपल्या वजनाच्या सुमारे पन्नासपट हिसका बसेल. एवढा हिसका कोण सोसणार?

क्रिकेटचा जोरात आलेला चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता ना? थांबायला जास्त अंतर मिळालं की मार कमी लागतो. पट्ट्यांच्या मुळाशी असलेली छोटी पिशवी हेच काम करते. तिच्यात एक लांब पट्टी घडी घालून दाट शिवलेली असते. हिसका बसला की ती शिवण टराटरा उसवत जाते आणि पडण्याची ऊर्जा ते टाके तोडण्यात खर्च होते. मीटरभर शिवण उसवली, तर पन्नासपटीचा हिसका साधारण सहापटीवर येतो. एकदा उसवलेली पिशवी पुन्हा वापरायची नाही.

तरीही पडायचं नाहीच, कारण खाली खडक आणि खुंट्या असतात. आणि वादळाची चाहूल लागली तर दोरावर थांबायचं नाही, कारण वीज लोखंडातून सहज वाहते. उन्हाळ्यात दुपारी तापलेली हवा कड्यांवरून वर चढते आणि ढग गडगडू लागतात, म्हणून गिर्यारोहक पहाटेच निघतात. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, त्यामुळे धापही लवकर लागते.

आता सांगा, तुमचं वजन किती? या पिशव्या साधारण ४० ते १२० किलो वजनाच्या माणसांसाठी बनवतात. त्याहून हलकं मूल पडलं, तर टाके पुरेसे उसवतीलच असं नाही आणि हिसका थेट अंगावर येऊ शकतो. म्हणून लहान मुलांना वरून वेगळा रोप बांधतात आणि जाणता मोठा माणूस त्यांना बिले देतो, म्हणजे रोपाचं दुसरं टोक सांभाळतो. तो रोप कायम ताणून धरलेला असल्यामुळे पाय सटकला तरी मूल खालच्या खुंटीपर्यंत जात नाही, जिथल्या तिथे लोंबकळतं.