‘एकशे एकवीस रुपये’: छोटासा आवाज पटकन कसा वाजतो?

चेणे गावाजवळ, घोडबंदर रोडवरच्या एखाद्या वडापावच्या गाडीवर संध्याकाळी उभे राहून बघा. ट्रकच्या हॉर्नमध्ये गाडीवाला गिऱ्हाइकाचा मोबाइल बघत बसत नाही, तो साउंडबॉक्स ऐकतो. आवाज चार सेकंद उशिरा आला तर गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं, नाहीतर ‘पैसे गेले की नाही’ यावर वाद सुरू झालेला असतो. नेटवर्कचा उशीर वेगळा. पण मेसेज डब्यात पोचल्यावर पुढचं सगळं सॉफ्टवेअरच्या हातात असतं, आणि एम्बेडेड सॉफ्टवेअर हेच माझं काम.

नुसती ‘बीप’ हवी असेल तर फाइलच लागत नाही. टायमरने पिन साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झने चालू-बंद केली की पिझो बझर वाजतो, प्रोसेसर मोकळा. आर्डुइनो उनोत रॅम फक्त 2 केबी आहे, तिथे हाच मार्ग बरा.

बोलायचं असेल तर खरी गंमत. पूर्ण वाक्य सर्व्हरवरून मागवण्यापेक्षा आकडा तेवढा मागवायचा आणि डब्यात साठवलेले तुकडे जोडायचे: ‘एकशे’, ‘एकवीस’, ‘रुपये’. इंग्रजीत 99 पर्यंत 27 शब्दांत भागतं. आपल्याकडे एक ते नव्याण्णव प्रत्येक शब्द वेगळा, म्हणजे 99 तुकडे! वर शेकड्यांचे नऊ, आणि नेमक्या 100 साठी ‘शंभर’ निराळा. (‘एकशे रुपये’ बोलणारा डबा कोण विकत घेईल?)

आता हिशोब. 16 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो म्हणजे सेकंदाला 32,000 बाइट. तुकडा 0.6 सेकंदाचा धरला तर 99 तुकड्यांचे सुमारे 19 लाख बाइट. एमपी3 केलं तर जागा वाचते, पण उलगडायला प्रोसेसर राबतो. मला एडीपीसीएम आवडतं: जागा साधारण पाव, आणि उलगडणं म्हणजे तक्ता बघून थोडी बेरीज-वजाबाकी.

वाजवताना दोन बफर ठेवायचे. एक डीएमए स्पीकरकडे पाठवत असतो, तोवर दुसरा भरायचा. 256 नमुन्यांचा बफर 16 मिलिसेकंद पुरतो. बफर मोठा केला तर आवाज उशिरा सुरू होतो, फार लहान केला तर तुटतो. तुकड्यांमध्ये ॲम्प्लिफायर बंद करू नका, नाहीतर दर शब्दाला ‘टक्’ ऐकू येईल.

डेस्कटॉपवर जागेची चिंता नाही, पण तत्त्व तेच: दर वेळी डिस्कवरून फाइल वाचू नका. लिनक्सवर पल्सऑडिओला नमुना एकदाच देऊन ठेवता येतो, मग फक्त नावाने वाजवायचा. विंडोजच्या ‘प्लेसाउंड’ला ‘एसिंक’चा फ्लॅग द्या. तो दिला नाही तर आवाज संपेपर्यंत प्रोग्रॅमचा तो धागा तिथेच थांबतो, आणि बटण दाबणाऱ्याला वाटतं कॉम्प्युटर हँग झाला.