टेक्सासच्या कुरणांतील परदेशी रानमेंढा

शेतांत रानडुकरें शिरलीं असतां आपण डबे बडवून त्यांस पिटाळतों. परंतु अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत असेहि जमीनधारक आहेत कीं, हद्दींत रानटी जनावर मुक्काम करून राहिलें तर तें धनच समजतात. अशा एका जनावराची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्याचें नांव औदाद. हा मूळचा उत्तर आफ्रिकेंतील कोरड्या डोंगरांचा. रंग वाळूसारखा, शिंगें मागें वळलेलीं, आणि गळ्यापासून पुढच्या पायांपर्यंत लोंबणारे लांब केंस. यास मेंढा म्हणतात खरें, पण आपल्या धनगराचा मेंढा डोळ्यांपुढें आणूं नये. कडा चढण्यांत हा शेळीसहि हार जाणार नाहीं. 1957 व 1958 सालीं पालो ड्युरो नांवाच्या खोल दरींत शिकारीच्या हेतूनें अवघीं 44 जनावरें सोडण्यांत आलीं. त्यांची प्रजा वाढली, त्यांत खासगी कुंपणांतून निसटलेल्यांची भर पडली, आणि आज पश्चिमेकडील डोंगरांत तीं हजारोंनीं आहेत. पाणी बरेच दिवस न मिळालें तरी चाऱ्यांतील ओलाव्यावर त्यांचा निभाव लागतो. गवत नसेल तर झुडपांचा पाला चालतो. मादीस जुळें होणेंहि विरळा नाहीं.

आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला, म्हणून हक्काचा प्रश्न आम्हांस प्रथम सुचतो. टेक्सासांत 100 पैकीं 90 हून अधिक भाग जमीन खासगी मालकीची आहे. तेथील देशी हरिणें कायद्यानें सर्व जनतेचीं, व त्यांच्या शिकारीस हंगाम ठरलेला. औदाद परदेशी, म्हणून त्यास हंगामाचें बंधन नाहीं. मात्र जमिनींत पाऊल टाकूं देणें न देणें मालकाच्या हातीं. एका मोठ्या नराच्या शिकारीसाठीं हौशी लोक हजारों डॉलर मोजतात. अवर्षणानें गुरें विकावीं लागतात त्या सालीं हा पैसा मोठाच आधार होय. आपल्या वऱ्हाडांत पिकें तुडविणारी रोही, म्हणजे नीलगाय, हीसुद्धां दक्षिण टेक्सासांत अशीच नेऊन सोडलेली आहे व तेथें तिचेंहि मोल येतें, हें ऐकून पुष्कळांस हंसूं येईल.

पण या जमेला खर्चाची बाजूहि आहे. त्या डोंगरांचा मूळ रहिवासी बिगहॉर्न नांवाचा रानमेंढा. बेसुमार शिकार व पाळीव मेंढ्यांचे रोग यांमुळें तो 1960 नंतर लवकरच टेक्सासांतून नाहींसा झाला. दुसरीकडून आणून त्याची पुन्हां वसाहत करण्यांत आली. औदाद त्याच्याच कड्यांवर राहतो, त्याचाच चारा खातो, आणि त्याच्याबरोबर फुप्फुसाच्या दाहाचे जंतु येतात. ते बिगहॉर्नास बाधतात, असें तपासांत आढळलें आहे. यामुळें 2024 च्या डिसेंबरांत सरकारी खात्यानें कांहीं बिगहॉर्न पश्चिम टोंकाच्या फ्रँकलिन डोंगरांत नेऊन सोडले. तेथें औदाद नाहीं.

खासगी जमिनीवर मात्र पेंच सुटलेला नाहीं. एक मालक बिगहॉर्नासाठीं औदाद मारून काढतो, शेजारी उत्पन्नासाठीं राखतो, आणि मधलें कुंपण औदाद जुमानीत नाहीं.